समोरच्या घराचं नेट

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात बऱ्याच वर्षांपूर्वी माझा 'नातीबरोबर दिल्ली' हा लेख आला होता. लाल किल्ला, कुतुबमिनार, मेट्रो, छोले-कुलचे, आग्रा असं सगळं त्यात होतं. लोकांना तो आवडला. अजूनही सकाळी फिरायला गेलं की कुणीतरी त्यातल्या मेट्रोच्या गमतीची आठवण काढतं. त्या लेखात एक वाक्य असं आहे: 'भाचीकडे राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं शेजाऱ्यांचं इंटरनेट न विचारता वापरल्यामुळे मध्ये थोडी गडबड झाली, पण आमच्या सहलीत त्यामुळे काही अडथळा आला नाही.'

हे वाक्य खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. त्यानंतर दर वर्षी संपादक लेखासाठी मागे लागत आणि मी नर्मदा, हंपी, कोकण असं काहीबाही देत गेलो. दिल्लीबद्दल लिहायचं टाळलं, बोलायचंही टाळलं. आता डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आहे, हात कापतो, आणि ज्या गोष्टी मी उद्यावर टाकल्या त्यांच्यासाठी फारसे उद्या उरलेले नाहीत. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. ज्यांच्याकडे तो जुना अंक असेल त्यांनी तो लेख बाजूला ठेवावा.

कराडहून निघताना

दिवाळीची सुट्टी लागली होती. माझी नात सानिका तेव्हा सहावीत होती. तिच्या आईवडिलांना रजा नव्हती, माझ्या पत्नीला गुडघे प्रवास करू देत नव्हते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. दिल्लीत उतरायचं होतं वैशालीकडे. वैशाली माझ्या बहिणीची मुलगी. तिचे यजमान सुधीर केंद्र सरकारच्या नोकरीत. बरीच वर्षं ते लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले आणि नुकताच त्यांनी गाझियाबादला एका नव्या उंच इमारतीत स्वतःचा फ्लॅट घेतला होता. मुलगा इंजिनियरिंगच्या होस्टेलवर. घर मोकळं होतं, आणि वैशाली दोन वर्षं 'मामा, या ना' म्हणत होती.

सानिकाच्या मामानं तिला सिंगापूरहून एक खेळणं पाठवलं होतं. चष्म्याच्या घरासारखं ते उघडायचं. आत दोन पडदे, एक वर, एक खाली, आणि खालच्या पडद्यावर टोचायला एक काडी. त्यात तिची एक बाग होती. मामाच्या मुलीकडे, म्हणजे आर्याकडे, सिंगापुरात तसलंच खेळणं आणि तसलीच बाग. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दोघींची खेळणी जोडली गेली की आर्या हिच्या बागेत यायची, झाडांना पाणी घालायची, एखादं रोप ठेवून जायची.

"वायर कुठे लावतेस?" मी गाडीत विचारलं.

"वायर नसते आजोबा. वाय-फाय असतं. हवेतून येतं."

माझं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. कराडच्या एक्स्चेंजमधून मी निवृत्त झालो. हवेतून आवाज जातो हे मला नवीन नव्हतं. पण आमच्या लेखी कनेक्शन म्हणजे अर्ज, नंबर, नाव, पत्ता. मोबाईल आला तेव्हा त्यालाही निदान नंबर होता, सिम होतं. या डबीला नंबर नव्हता, ती कुणाच्या नावावर नव्हती. मग ती सिंगापूरशी बोलणार कुणाच्या लायनीवर? सानिकानं मला तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही झोपा थोडं." मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की हा सगळा खेळातलाच भाग आहे. बागेत येते ती आर्याच्या नावाची बाहुली, खरी आर्या तिकडे गृहपाठ करत असेल.

कॅनॉट प्लेस

दिल्लीत उतरल्यापासून सानिकाचा एकच उद्योग होता. जाऊ तिथे ती डबी उघडायची, काडीनं टोचायची आणि मान हलवून मिटायची. स्टेशनवर नाही. मेट्रोत नाही. कुतुबमिनारच्या हिरवळीवर मी तिला लोहस्तंभाबद्दल सांगत होतो आणि ती डबी आकाशाकडे धरून उभी. जुन्या लेखात मेट्रोची जी गंमत लिहिली होती ती याच दिवसांतली. ही डबी सांभाळताना माझ्या हातातलं मेट्रोचं टोकन कुठेतरी पडलं आणि बाहेर पडायच्या फाटकाशी आम्ही अडकलो. ती गंमत खरी आहे.

कॅनॉट प्लेसला एका कॉफीच्या दुकानाच्या काचेवर वाय-फायची पाटी दिसली. आम्ही आत गेलो. कॉफीवर फेसानं पान काढलेलं होतं आणि ती गार व्हायला आली तरी नेट लागत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की त्यासाठी कूपन घ्यावं लागतं आणि ते लॅपटॉपवर चालतं. सानिकानं डबी दाखवली. ती मुलगी हसली, "ये क्या है, कॅल्क्युलेटर?" सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्याची वेळ निघून गेली होती आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी तिला बाहेर आणून उकडलेले शिंगाडे घेऊन दिले. आपल्याकडे शिंगाड्याचं पीठ उपासाला लागतं, तिकडे अख्खे शिंगाडे हातगाडीवर ढीग घालून विकतात, काळे, टोकदार, सोलताना बोटं रंगवणारे. ती एकेक सोलून खात राहिली.

परतताना, वैशालीबरोबर आम्हाला घ्यायला आलेल्या सुधीरनं गाडी मुद्दाम लक्ष्मीबाई नगरवरून घेतली. बसकी पिवळी क्वार्टर्स, मधे हिरवळ, वाळत घातलेल्या गोधड्या. सातविणीच्या झाडांना फुलं आली होती आणि सगळा रस्ता त्या जड वासानं भरला होता.

"तो आमचा ब्लॉक," वैशाली म्हणाली. "फोन एकाच घरी होता, मामा. सगळ्या जिन्याचा पीपी नंबर तोच. पलीकडच्या नायर काकू गॅलरीतून ओरडायच्या, वैशाली, तेरी मम्मी."

पीपी नंबर आता कुणाला आठवणार नाही. शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा आणि निरोप आला की त्याच्या घरी धावायचं. आमच्या गल्लीतही तेच होतं. मीच टेलिफोन खात्यातला असल्यामुळे गल्लीचा फोन माझ्याकडे. सत्यनारायणापासून बाळंतपणापर्यंतचे निरोप आमच्या पडवीत यायचे. त्यात कुणाला काही चोरल्यासारखं वाटत नसे.

"आता?" मी विचारलं.

"आता समोरच्यांचं नाव कळायला मला तीन महिने लागले," वैशाली म्हणाली.

गाझियाबाद

सातवा मजला. खाली अर्धवट बांधलेल्या इमारतींचे सांगाडे, त्यांच्यामधे मोहरीची उरलीसुरली शेतं, आणि लांब महामार्गावर धुराचा पट्टा. वीज गेली की काही क्षण सगळं थांबायचं आणि मग तळघरातला जनरेटर गुरगुरायचा. लिफ्टमधे आरसा होता. कराडच्या माणसाला लिफ्टमधे आरसा कशासाठी ते कळत नाही, पण दोन दिवसांत मीही त्यात भांग पाडायला लागलो.

फ्लॅटला एक नोकराची खोली जोडलेली होती. तिकडच्या नव्या इमारतींत ती असते. तिचं दार घरात उघडत नाही, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत उघडतं. त्या खोलीत अस्लम राहायचा. उदगीरचा मुलगा. म्हणजे मुलगा कसला, पंचविशीतला तरुण. पुण्यात पदवी घेऊन दिल्लीला यूपीएससीच्या अभ्यासाला आलेला. पूर्वपरीक्षा पास झाला होता आणि मुख्य परीक्षा अगदी तोंडावर आली होती. एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वैशालीशी ओळख झाली. खोली रिकामी होती, तिनं देऊन टाकली.

पहिल्याच दिवशी जेवायला ज्वारीची भाकरी बघून मी चकित झालो. दिल्लीत गव्हाचं राज्य, ज्वारी कुठून आली?

"अस्लमची आई पीठ पाठवते," वैशाली म्हणाली. "गावाकडून कुणी येत असलं की डबा येतो. पीठ त्याचं, थापायचं मी."

अस्लम दारात ताट घेऊन उभा होता. ती त्याला म्हणाली, "एवढा अभ्यास करतोस, भाकरी थापता येत नाही. कलेक्टर होऊन काय करणार?"

"ताई, कलेक्टरला थापा मारता आल्या की पुरे," तो म्हणाला आणि ताट घेऊन खोलीत गेला.

सुधीर आवाज खाली करून मला म्हणाला, "चांगला आहे पोरगा. पण सोसायटीच्या कमिटीला पसंत नव्हतं. बॅचलर नको म्हणाले."

"बॅचलर?"

"म्हणायचं तसं असतं मामा."

समोरच्या फ्लॅटमधे चड्ढाजी राहायचे. सोसायटीचे सेक्रेटरी. जाड मिशा, हसरा चेहरा, सानिकाला बघितलं की 'क्या हाल है महाराष्ट्र के' असं विचारायचे आणि खिशातून काजूचं पाकीट काढायचे. माणूस वाईट नव्हता हे मी मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या संध्याकाळी मी जिन्यासमोरच्या जागेत खुर्ची टाकून बसलो होतो. तिथे खिडकी होती, वारा यायचा. सानिका पायरीवर बसून डबी उघडत होती. एकाएकी ती म्हणाली, "आजोबा, इथे एक नेट आहे. उघडं आहे, कुलूप नाही. समोरच्या काकांचं असेल. वापरू? चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

या एका शब्दाचा मी इतक्या वर्षांत किती विचार केला असेल. तिचं सगळं वाक्य मी ऐकलं होतं का? 'समोरच्या काकांचं' हे शब्द कानावर आले होते हे खरं. त्यांचा अर्थ लागला होता का? नेट उघडं म्हणजे काय, त्याला कुलूप कुठे असतं, याचं चित्र माझ्या डोक्यात नव्हतं. मला वाटलं बागेला फाटक असतं तसं काहीतरी. आज कुणी मला शपथ घालून विचारलं की तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, तर मी हो म्हणू शकत नाही आणि नाही म्हणायचीही हिंमत होत नाही.

मग रोज संध्याकाळी आर्या येऊ लागली. पडद्यावर टोपी घातलेली एक बुटकी मुलगी फाटकातून आत यायची आणि सानिका पायरीवर बसल्या जागी हसायची. अस्लम अभ्यासातून उठून चहा घ्यायला दार उघडायचा आणि तिच्या खांद्यावरून बघायचा.

"यात ज्वारी पेरता येते का?"

"नाही अस्लमदादा. ट्युलिप येतात."

"मग आमच्या उदगीरला काय उपयोग. आणि हे पाणी कुठून येतं रोज?"

"आर्या घालते. सिंगापूरहून."

"बघा आजोबा," तो मला म्हणाला. "आमच्याकडे मांजरा नदीचं पाणी येत नाही, हिच्याकडे सिंगापूरचं येतं."

मी हसलो. त्या पायरीवर आम्ही तिघं बसलेलो असायचो, आणि समोरचं चड्ढाजींचं दार बंद असायचं.

त्याच घरी, शुक्रवार

वैशाली सानिकाला घेऊन पणत्या आणायला बाजारात गेली होती. सुधीर नुकताच ऑफिसमधून आला होता. दारावरची घंटा वाजली. चड्ढाजी आणि कमिटीचे आणखी दोघे आत आले. पाणी झालं, चहा नको म्हणाले.

"बात ऐसी है सुधीरजी," चड्ढाजी म्हणाले, "कोई शाम को मेरी लाइन पर बैठता है. बेटे ने कंप्यूटर पर देखा. रोज, उसी टाइम."

"हमारे यहां तो तार वाला नेट है," सुधीर म्हणाला. "मेरे कंप्यूटर पर."

"आपकी बात नहीं है. आपके उस कमरे की बात है. देखिए, कल को मेरी लाइन से किसी ने कुछ ऐसा-वैसा भेज दिया, तो पुलिस किसके दरवाजे पर आएगी? आजकल का माहौल आप जानते हैं."

त्या दिवसांत वर्तमानपत्रं बॉम्बस्फोटांच्या आणि दुसऱ्याच्या नेटवरून पाठवलेल्या धमक्यांच्या बातम्यांनी भरलेली असायची. चड्ढाजींची भीती खोटी नव्हती. कमरा म्हणताना त्यांनी बोट कुठे दाखवलं तेवढं मात्र मला दिसलं.

मग ते माझ्याकडे वळले. "अंकलजी, आप तो शाम को वहीं बैठते हैं. आपने कुछ देखा?"

मी ताठ बसलो. इतके दिवस मी त्या घरात अडाण्यासारखा वावरत होतो. लिफ्टची बटणं, मेट्रोची टोकनं, नातीचं खेळणं, सगळ्यात कुणीतरी मला शिकवत होतं. आणि आता माझ्या खात्यातला प्रश्न आला होता. मी माझ्या हिंदीत म्हणालो, "देखो जी, मैंने पूरी नौकरी टेलिफोन में की. कनेक्शन मेरे को समझता है. इस घर का कोई आदमी आपकी लाइन पर नहीं गया. मैं लिख के देता हूं."

"लो," चड्ढाजी बाकीच्यांना म्हणाले. "टेलिफोन के आदमी हैं. घर का कोई नहीं."

'घर का' या दोन शब्दांनी काय होणार आहे हे मला तेव्हाही समजलं नाही. मला उलट बरं वाटत होतं.

अस्लमला बोलावलं. तो हातात पेन घेऊनच आला, मधलं बोट शाईनं निळं झालेलं. त्याच्याकडे मित्राचा एक जुना लॅपटॉप होता. तो होता एवढंच त्यांना पुरेसं झालं.

"मैंने नहीं किया," तो म्हणाला.

"तो किसने किया?"

टीपॉयवर सानिकाची डबी मिटून ठेवलेली होती, चार्जरला लावलेली. तिच्यावरचा बारीक दिवा पेटलेला होता. अस्लमनं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, हा माझ्याकडे असा का बघतो आहे? मोठ्या माणसासमोर खोटं बोलताना अवघड वाटत असेल. हे मी खरंच मनात म्हणालो.

"ये मैं कैसे बताऊं," तो म्हणाला.

रविवारपर्यंत खोली रिकामी व्हावी असं ठरलं. चड्ढाजी जाताना सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

वैशाली आणि सानिका परत आल्या. पणत्या जमिनीवर मांडल्या गेल्या. सानिका डबी घेऊन पायरीवर गेली आणि लगेच परत आली.

"आजोबा, समोरच्यांचं नेट गेलं. आता कुलूप आलंय."

"समोरच्यांचं म्हणजे?"

"चड्ढाकाकांचं. आपण त्यावरच खेळत होतो ना. मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही चालेल म्हणालात."

मी सुधीरकडे बघितलं. त्यानं सानिकाला आत जाऊन हातपाय धुवायला सांगितलं. काय झालं ते आम्ही वैशालीला सांगितलं. ती ऐकता ऐकता उभी राहिली.

"चला मामा. आत्ता जाऊन सांगू त्यांना. पोरीचं खेळणं होतं म्हणावं. हसतील आणि सोडून देतील."

"हसतील?" सुधीर म्हणाला. "मामा लिहून देतो म्हणालेत. मी शेजारी बसून मान हलवली. आता जाऊन सांगायचं की आम्ही खोटं बोललो? मामा चार दिवसांत जातील. आपल्याला इथेच राहायचंय, वैशाली."

"आणि अस्लम?"

"त्याला काढायला त्यांना निमित्तच हवं होतं. हे नाही तर दुसरं सापडलं असतं."

वैशाली दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी उठलो असतो तर ती गेली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सुधीरही आडवा आला नसता. मला उठायचं होतं. पण काय सांगायचं हेच जुळेना. की मी टेलिफोन खात्यातला माणूस आणि मला लाइन म्हणजे काय ते कळलं नाही? की मला कळलं होतं? की नातीनं विचारलं आणि मी न ऐकता हो म्हणालो? सगळ्याच वाक्यांत मी मूर्ख ठरत होतो.

मी म्हणालो, "उद्या सकाळी बघू."

वैशालीनं कडीवरचा हात काढला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आग्रा

दुसऱ्या दिवशी मला आणि सानिकाला आग्र्याला नेणारी गाडी आधीच ठरवलेली होती. पहाटे ती खाली येऊन हॉर्न वाजवू लागली. बाहेर पडताना अस्लमच्या दाराखालून उजेड दिसला. आत दोरी ओढल्याचा आवाज येत होता. लिफ्ट आली आणि आम्ही तिच्यात शिरलो.

ताजमहालाबद्दल जुन्या लेखात मी पानभर लिहिलं आहे. खरं सांगायचं तर मला तो आठवत नाही. सानिकानं माझा फोटो काढला आहे, त्यात मी कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतो आहे.

रात्रीच्या जेवणाला आम्ही परत आलो तेव्हा खोली रिकामी होती. तो रविवारपर्यंत थांबलाच नाही. वैशाली म्हणाली, दुपारी गेला. पहाडगंजला त्याच्या गावचे काही विद्यार्थी राहतात, त्यांच्यात तात्पुरती सोय झाली आहे. सानिकाला तिनं सांगितलं की क्लास जवळ पडावा म्हणून दादा तिकडे गेला. पिठाचा डबा तो ठेवून गेला होता. ताटात भाकरी होती. मला कळत होतं ती कुठल्या पिठाची आहे. मी ती खाल्ली.

पहाडगंज

आमची परतीची गाडी नवी दिल्लीहून रात्री होती. पहाडगंज स्टेशनला लागूनच. निघताना वैशालीनं अस्लमचा पिठाचा डबा माझ्या हातात दिला. आत चकल्या आणि चिवडा भरलेला होता. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत.

"पत्ता लिहून दिलाय," ती म्हणाली. त्या दिवसांत ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. "बाकी तुम्ही बघा मामा."

सामान स्टेशनवर ठेवून संध्याकाळी मी आणि सानिका पुलावरून पलीकडे उतरलो. चामड्याच्या पिशव्या, उदबत्त्या, परदेशी मुलांसाठी रंगीत पायजमे, सायकलरिक्षांची कोंडी. गल्लीत एका जुन्या इमारतीचा जिना इतका अरुंद की वरून येणाऱ्या माणसाला आधी उतरू द्यावं लागत होतं. वरच्या खोलीत खाटेला खाट लागलेली होती आणि मधल्या खाटेवर अस्लम पाय पोटाशी घेऊन वाचत होता. बाजूला दोघे मोठ्यानं वाद घालत होते, कुणीतरी रेडिओ लावला होता.

त्यानं आम्हाला बघितलं आणि पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. "चला, खाली जाऊ. इथे बसायला जागा नाही."

खाली आल्यावर त्यानं सानिकाला विचारलं, "काय गं, सिंगापूरचं पाणी येतंय का?"

"नाही ना. कुलूप लावलं त्यांनी. सगळी झाडं वाळली."

तो म्हणाला, "इथे एका हॉटेलच्या गच्चीवर गोऱ्या लोकांसाठी नेट ठेवलंय. त्यांना विचारून बसू."

'विचारून' हा शब्द त्यानं जोर न देता उच्चारला. गच्चीवर दोन परदेशी मुली केळ्याचे घावन खात होत्या. अस्लमनं मालकाला विचारलं, मालकानं मान हलवली. सानिका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि डबी उघडून वाट बघू लागली. आम्ही दोघं जरा लांबच्या टेबलाशी बसलो. चहा आला. मी डबा टेबलावर ठेवला.

"अस्लम, त्या दिवशी मी जे बोललो..."

"तुम्हाला माहीत होतं का?" त्यानं विचारलं.

"तेव्हा नव्हतं." मी म्हणालो. "म्हणजे, नीट नव्हतं."

"मग कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. सानिका बाजारातून आली तेव्हा."

त्यानं चहाचा पेला फिरवला. "मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीत होतो, आजोबा."

गच्चीखाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं.

"मला वाटलं, सकाळी कुणीतरी दार वाजवेल," तो म्हणाला. "म्हणून सामान बांधून बसून राहिलो. बांधायला फार वेळ लागला नव्हता."

"तू का नाही सांगितलंस? तुला तर माहीत होतं. ती डबी समोरच होती."

तो हसला, पण ते हसणं आधीच्यासारखं नव्हतं. "सांगितलं असतं तर लहान पोरीवर ढकलतो म्हणाले असते. तुम्ही तर लिहून देत होतात. तुमचं लिहिलेलं आणि माझं बोललेलं, कुणाचं धरलं असतं त्यांनी?"

मी पुन्हा सुरुवात केली. "मी वैशालीला घेऊन आत्ताही चड्ढाजींकडे..."

"तुमची गाडी किती वाजता आहे?"

तेवढ्यात सानिका ओरडली, "अस्लमदादा, आर्या आली." तो उठून तिच्याकडे गेला. टोपीवाली ती बुटकी मुलगी वाळलेल्या झाडांमधून फिरत होती. अस्लम सानिकाच्या खुर्चीमागे वाकून बघत होता आणि काहीतरी विनोद करत होता, कारण सानिका हसत होती. मी उठून त्यांच्यापर्यंत गेलो. माझ्या तोंडात शब्द तयार होते. त्यानं मान वर केली आणि सानिकाकडे डोळ्यांनी खूण करून, अगदी हळू, नको असं सुचवलं. तिच्यासमोर नको. किंवा आता नकोच. त्या खुणेचा नेमका अर्थ काय होता ते मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं की ती खूण मिळताच मला सुटल्यासारखं वाटलं.

स्टेशनच्या पुलापर्यंत तो आला. सानिकाची पिशवी त्यानंच उचलली होती. पुलाच्या पायथ्याशी पिशवी माझ्याकडे देऊन तो थांबला. आजूबाजूला गर्दी होती, सानिका पुढे दोन पायऱ्या चढली होती, तिला ऐकू गेलं नसतं. तो थांबला होता. आणि मी त्याला म्हणालो, "अभ्यास चांगला कर."

"हो," तो म्हणाला.

नंतर

त्या वर्षीच्या निकालात त्याचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षीही नव्हतं. खोली सुटल्यामुळे तो नापास झाला की एरवीही झाला असता, हे मला कुणीच सांगू शकत नाही. तो उदगीरला परत गेला एवढं वैशालीला कळलं, मग तिच्याकडचा नंबरही लागेनासा झाला.

जुना लेख मी त्या प्रवासानंतर काही महिन्यांनी लिहिला. ते वाक्य का लिहिलं? न लिहिता तो प्रसंग सहज गाळता आला असता. मला वाटतं, सुधीरच्या बोलण्यात, चड्ढाजींच्या बोलण्यात, फोनवर नातेवाइकांच्या बोलण्यात तीच हकीकत इतकी रुळली होती की मलाही ती छापून पक्की करावीशी वाटली. अंक वैशालीला पाठवला. त्यानंतर बरेच महिने तिचा फोन आला नाही. सानिकानं मोठी झाल्यावर तो लेख वाचला आणि मला विचारलं, "आजोबा, हा विद्यार्थी म्हणजे अस्लमदादा? तो कधी नेट वापरत होता?" मी चष्मा शोधायला उठून गेलो. ही हकीकत तिला मी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "पण विचारलं तर मीच होतं ना तुम्हाला." तिचा त्यात काहीही दोष नाही, हेही मी इथे लिहून ठेवतो.

हा अंक उदगीरपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. तरी पहाडगंजच्या पुलाखाली जे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो.

अस्लम, त्या लायनीवर तू कधीच नव्हतास. माझी नात होती, माझ्या परवानगीनं होती, आणि हे कळल्यावरही तू भिंतीपलीकडे सामान बांधून बसला होतास तेव्हा मी दार वाजवलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.